धोत्रा, ब्राह्मी आणि आठवणींचे औषध

अल्झायमरसाठी जी मोजकी मान्यताप्राप्त औषधे आहेत, त्यांतल्या दोहोंचे मूळ वनस्पतींत आहे. ही गोष्ट डॉक्टर सहसा सांगत नाहीत आणि वैद्यही सांगत नाहीत. डॉक्टरांना त्यात सांगण्यासारखे काही वाटत नसावे. वैद्यांची अडचण बहुधा अशी की ती झाडे आपली नाहीत.

*

पहिले गॅलन्टामाइन. युरोपात थंडी सरता सरता बर्फातून वर येणारे, मान खाली घातलेले एक पांढरे फूल असते, स्नोड्रॉप. त्याच्या कुळातल्या, कॉकेशसमधल्या एका जातीतून हे द्रव्य निघाले. मेंदूत असेटिलकोलीन नावाचे रसायन एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचवते आणि काम झाले की एक विकर त्याचे तुकडे करते. गॅलन्टामाइन त्या विकराला आवरते, हे माश्कोव्स्की आणि क्रुग्लिकोव्हा-ल्वोव्हा या सोव्हिएत संशोधकांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचे ‘निव्हालिन’ नावाचे औषध केले. ते पोलिओनंतरच्या लुळेपणावर वापरत. तिथल्या एका खेड्यात लोक हे फूल कपाळावर चोळताना कुणा औषधशास्त्रज्ञाने पाहिले आणि शोधाला सुरुवात झाली, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण तिला कागदाचा आधार नाही.

अल्झायमरच्या मेंदूत असेटिलकोलीन बनवणारी यंत्रणाच खचलेली असते हे १९७६ च्या सुमारास कळले, तेव्हा कुठे पोलिओचे औषध विस्मरणाकडे वळले. स्वीडनने २००० मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने २००१ मध्ये. आता हे द्रव्य कारखान्यातही बनते, डॅफोडिलमधूनही काढतात. वेल्सच्या डोंगराळ भागात त्यासाठी डॅफोडिलची शेती होते.

उपयोग किती? सत्तर गुणांच्या स्मृतिचाचणीत, न घेणाऱ्यांशी तुलना करता, सरासरी तीनएक गुणांचा. रोग थांबत नाही, काही महिने जरा बरे जातात. घरी अशा आजारी माणसाचे ज्यांनी केले आहे त्यांना या तीन गुणांची किंमत ठाऊक असते. माणूस स्वतःच्या हाताने शर्टाची बटणे लावू शकतो की नाही, एवढ्यावर सकाळ अवलंबून असते.

(या गोळीचे अमेरिकेतले पहिले नाव ‘रेमिनिल’. मधुमेहाची ‘अमारिल’ नावाची गोळी आहे. डॉक्टरांच्या अक्षरात दोन्ही सारखीच दिसत. विसराळू म्हाताऱ्यांना साखर उतरवणारी गोळी गेली, मृत्यूही नोंदले गेले, आणि २००५ मध्ये कंपनीला नाव बदलावे लागले. आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचणारा मुलगा हा खरा भाषाशास्त्रज्ञ असतो.)

*

होमरच्या ‘ओडिसी’त सर्सी ही जादूगारीण खलाशांना काहीतरी पाजते. ते घर विसरतात, डुकरे होतात. ओडिसियसला मात्र हर्मीस देव ‘मोली’ नावाची वनस्पती देतो, काळ्या मुळाची आणि दुधासारख्या फुलाची, आणि त्याच्यावर जादू चालत नाही. १९८३ मध्ये प्लाइटाकिस आणि डुवॉइझिन या दोन मेंदुतज्ज्ञांनी सुचवले की सर्सीने पाजला तो धोत्रा, आणि मोली म्हणजे स्नोड्रॉप.

सिद्ध होण्यासारखी ही गोष्ट नाही. पण औषधशास्त्र मात्र चोख बसते. धोत्र्यातली द्रव्ये असेटिलकोलीनला काम करू देत नाहीत, गॅलन्टामाइन त्याला टिकवून धरते. आपल्याकडे वाटसरूंना धोत्रा खिलवून लुटणाऱ्यांच्या टोळ्या होत्या आणि जगले-वाचलेल्यांना कुणी लुटले ते सांगता येत नसे. १९७४ मध्ये ड्रॅकमन आणि लेविट यांनी तरुण, धडधाकट स्वयंसेवकांना धोत्र्याच्याच घराण्यातले स्कोपोलामाइन टोचले. त्यांच्या स्मृतीचे निकाल म्हाताऱ्या माणसांसारखे आले. अल्झायमरची आजची अर्धी औषधे या विचारावर उभी आहेत.

आठवणी पुसणारे झाड आपल्याकडे प्रत्येक महादेवाच्या देवळामागे उगवते आणि महाशिवरात्रीला त्याचे फळ पिंडीवर चढते. जपणारे निघाले कॉकेशसच्या जंगलात.

*

याच धोत्र्याचे दूरचे भाऊबंद घराघरांतल्या औषधांच्या डब्यात असतात. सर्दीच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवीची घाई थांबवणाऱ्या काही गोळ्या, काही झोपेच्या. म्हाताऱ्या माणसाला नव्याने विसर पडू लागला तर ब्राह्मी आणायला जाण्याआधी हा डबा पालथा करावा.

*

दुसरे औषध रिव्हास्टिग्माइन. त्याचा पूर्वज कालाबारचा घेवडा, आजच्या नायजेरियातला. चेटकाचा आरोप आला की एफिक लोक आरोपीला या बियांचे पाणी पाजत. ओकारी झाली तर निर्दोष, मेला तर दोषी. निर्दोष माणूस बेधडक गटकन पितो म्हणून त्याला उलटी होते, असे नंतर कुणीतरी स्पष्टीकरण दिले. मला ते फारसे पटत नाही, कारण निर्दोष माणूसही घाबरतोच.

१८५५ मध्ये एडिनबर्गच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी या बीचा तुकडा स्वतः खाऊन पाहिला. हातपाय गळू लागले तेव्हा त्यांनी दाढी करून झालेले साबणाचे पाणी पिऊन ओकारी काढली आणि वाचले. १८६४ मध्ये त्यातून फायसोस्टिग्माइन वेगळे झाले. ते स्मृतीसाठी वापरून पाहिले, पण काही वेळातच उतरायचे आणि पोट ढवळून काढायचे. जेरुसलेमच्या मार्टा वाइनस्टॉक यांनी त्याच साच्यावर जास्त टिकणारा रेणू घडवला. तो १९९७ पासून बाजारात आहे. गोळीने मळमळ होते म्हणून पुढे त्याचा चिकटवायचा पॅच आला.

माझ्या मावशीच्या पाठीवर हा पॅच असतो. नवा लावताना जुना काढायचा राहिला तर दुप्पट औषध जाते. अशा चुकांबद्दल जगभर डॉक्टरांना सावध केले गेले आहे, कारण लावणारे माणूसही दमलेले असते. मावसबहीण पॅचवर बॉलपेनने तारीख घालते, रोज जागा बदलते, एकदा उजवा खांदा, एकदा डावा. मावशी विचारते, “पाठीवर काय लिहितेस गं?” “तिथी लिहितेय आई.” “मग एकादशी आली की सांग.”

*

मावशीला भेटायला येणारा प्रत्येक जण एक बाटली घेऊन येतो. पूर्वी लोक मोसंबी आणत. कपाटावर रांग आहे : ब्राह्मी वटी, शंखपुष्पीचे सरबत, सारस्वतारिष्ट, बदामाचे तेल, ‘मेमरी’ असे इंग्रजी नाव देवनागरीत छापलेल्या कॅप्सुली. सरबतात साखर भरपूर आणि मावशीला मधुमेह, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. बाटलीमागे माया असते, त्यामुळे नको म्हणता येत नाही.

*

चरकाच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात चार मेध्य रसायने येतात : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. चौघांत शंखपुष्पीला विशेष मान. जाहिरातींत हीच यादी ‘पाच हजार वर्षांपूर्वीचे अल्झायमरचे औषध’ म्हणून येते, आणि ते चरकावर अन्यायाचे आहे. त्याने मेधा वाढवायचे, आयुष्य निकोप ठेवायचे सांगितले. फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ मध्ये दाखल झालेल्या औगुस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या बाईचा मेंदू तिच्या मृत्यूनंतर १९०६ मध्ये आलोईस अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यातल्या गाठी आणि चकत्या चरकासमोर नव्हत्या.

जुन्या ग्रंथांतली एक गोष्ट मात्र जाहिरातवाले कधीच सांगत नाहीत. रसायन कधी घ्यावे? सुश्रुत म्हणतो, तरुणपणी किंवा मध्यम वयात. पार म्हातारपणी, सगळे विसरून झाल्यावर नव्हे. आजचे मेंदुविज्ञान सांगते की अल्झायमरमधली प्रथिनांची साचण लक्षणे दिसायच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होते. म्हणजे वनस्पतींचा काही उपयोग असलाच तर तो पन्नाशीत. पंच्याहत्तरीत कपाटावर रांग लावून काय होणार?

आणि इथेच खरी गोची आहे. आजारी माणसाला औषध देऊन सहा महिन्यांत फरक पाहता येतो. धडधाकट माणसाचा रोग टळला हे दाखवायला हजारो माणसे आणि अनेक वर्षे लागतात.

*

असा प्रयोग एका वनस्पतीच्या वाट्याला आला, गिंकोच्या. अमेरिकेत पंच्याहत्तरी गाठलेल्या ३,०६९ माणसांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम गिंकोचा अर्क किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली आणि सरासरी सहा वर्षे पाहिले. २००८ मध्ये निकाल आला. पोकळ गोळीवाल्यांत २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला, गिंकोवाल्यांत २७७ जणांना. फ्रान्समध्ये २,८५४ जणांवर पाच वर्षे हेच केले, २०१२ मध्ये तोच सूर. गिंकोचा खप थांबला नाही. ॲस्पिरिन किंवा वॉरफेरिन चालू असलेल्यांना त्याने रक्तस्रावाचा धोका असतो, हे वेष्टनावर शोधावे लागते.

*

ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन झाडे विकली जातात. दोन्ही ओलाव्यात पसरणारी, पण शेजारी शेजारी ठेवली तर शाळकरी मूलही ओळखेल. एकीला लांब देठावर वाटोळे, कातरल्या कडांचे, बेडकाच्या पावलासारखे म्हणतात तसे पान : ही मंडूकपर्णी, कोकणातला कारिवणा. दुसरीची पाने बारीक, जाडसर, देठाशिवाय समोरासमोर, फूल फिकट जांभळे किंवा पांढरे, आणि चव अशी कडू की जीभ बराच वेळ विसरत नाही : ही नीरब्राह्मी. चरकाच्या यादीत आहे ती पहिली, मंडूकपर्णी. आधुनिक प्रयोग बहुतेक दुसरीवर. महाराष्ट्रात ‘ब्राह्मीची पाने’ मागितली तर बहुधा पहिली मिळते, आणि तेलाच्या बाटलीवर चित्रही तिचेच असते. म्हणजे पुरावा एकीचा आणि पान दुसरीचे.

वाळवून पूड झाल्यावर तर कुणालाच काही कळत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मी मालकांना विचारले, “यातली नीरब्राह्मी कोणती?” त्यांनी दोन पोती दाखवली. “ही ब्राह्मी. ती पण ब्राह्मी. तुम्हाला कितीवाली पाहिजे?”

नीरब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने बरीच वर्षे चिकाटीने काम केले आणि ठरावीक ताकदीचा अर्क तयार केला. मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठात २००१ मध्ये निरोगी माणसांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे दिला, तेव्हा नवे शिकण्याच्या वेगात थोडी सुधारणा दिसली. पाच आठवड्यांना काही नव्हते, बारा आठवड्यांनी दिसले. मला हे आवडले, कारण आपले वैद्यही ‘तीन महिने धीर धरा’ म्हणतात. पण ती माणसे निरोगी होती. अल्झायमर झालेल्यांवरचे प्रयोग लहान, तुटपुंजे आणि त्यातून नक्की काही म्हणता येत नाही.

*

उंदीर. २०१२ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातून विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाचा निबंध आला. अश्वगंधाच्या मुळाचा अर्क दिल्यावर उंदरांच्या मेंदूतली अमायलॉइड या प्रथिनाची साचण कमी झाली, वागणूक सुधारली, आणि गंमत म्हणजे हे काम मेंदूत न होता यकृतातून झाले. काम सुंदरच आहे. पण उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही, माणसाचे सदोष जनुक घालून तो घडवावा लागतो. उंदरांतला अल्झायमर बरा करणाऱ्या औषधांची रांग लांब आहे आणि माणसांपर्यंत आलेली त्यातली फारच थोडी टिकली.

वर्तमानपत्राच्या मथळ्यातून उंदीर नेहमी गळतो.

(तीच अश्वगंधा २०२३ मध्ये डेन्मार्कने बंद केली. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. उंदरांतला गुण आणि माणसांतली इजा, दोन्ही बातम्या यकृताच्याच.)

*

हळदीची गोष्ट बल्लभगडपासून सुरू होते. हरियाणातल्या या भागात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून पाहणी केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे : पासष्टीपुढच्या दर हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरचे नवे रुग्ण ४.७, आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका भागात १७.५. एवढा फरक कशाने? लगेच कुणीतरी म्हणाले, हळद! झाले. तेव्हापासून ‘भारतीयांना अल्झायमर होत नाही कारण ते आमटीत हळद घालतात’ हे वाक्य जगभर फिरते आहे.

संशोधकांनी स्वतः दिलेल्या सावधगिरीच्या सूचना कुणी वाचल्या नाहीत : आयुर्मान कमी, आजारी पडल्यावर माणूस फार जगत नाही, पाहणीचा काळ थोडा. २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. ती सगळी हळद खाऊनच वाढली.

हिशेब करून पाहावा. हळदीत कुरकुमिन साधारण तीन टक्के. अल्झायमरच्या रुग्णांवर हाँगकाँग आणि कॅलिफोर्नियात जे प्रयोग झाले त्यांत रोज १ ते ४ ग्रॅम कुरकुमिन दिले. दोन ग्रॅमसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल. सांगलीच्या बाजारातली कितीही राजापुरी हळद आणली तरी आमटीत एवढी घालून दाखवावी. आणि एवढे देऊनही फायदा दिसला नाही, कारण कुरकुमिन आतड्यातून रक्तात जेमतेम शिरते. मिऱ्यांतले पिपेरीन सोबत दिले तर रक्तातले प्रमाण वीसपट वाढते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यावर लगेच हळद-मिऱ्यांच्या कॅप्सुली निघाल्या, आणि मागोमाग त्या कॅप्सुलींनी यकृत बिघडल्याच्या नोंदी. हळदीचा दोष नाही. फोडणीत चिमूटभर घालायची वस्तू आहे ती.

*

शंखपुष्पीचे सरबत निरुपद्रवी, असे सर्वांचे ठाम मत. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या परिसरात नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाला अपस्माराचे दोन रुग्ण भेटले. फेनिटॉइनवर त्यांचे झटके आटोक्यात होते, ते एकाएकी पुन्हा येऊ लागले. चौकशीत निघाले शंखपुष्पीचे सरबत. मग उंदरांवर तपासले, तर सरबत चालू ठेवल्यावर रक्तातले फेनिटॉइन उतरत होते. निबंध १९९२ चा. अल्झायमरच्या काही रुग्णांना पुढे झटके येतात आणि त्यांनाही अपस्माराचीच औषधे दिली जातात. त्या कपाटावरच्या रांगेकडे मी या नजरेने पाहतो.

शंखपुष्पी तरी कोणती? उत्तरेत एक झाड, कुठे विष्णुक्रांता, केरळात चक्क गोकर्ण.

*

बाळगुटीत वेखंड असते. बोबडे बोल लवकर सुटावेत, बुद्धी तल्लख व्हावी म्हणून. आजी सहाणेवर दुधाचे चार थेंब घेऊन वेखंडाचा एक वेढा देई, हळकुंडाचे दोन, जायफळाचा जेमतेम अर्धा, आणि मूल वाढेल तसे वेढे वाढत. मात्रा तिच्या मनगटात होती. वेखंडात बीटा-असारोन असते, उंदरांत त्याने कर्करोग होतो म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये ते खाण्यातून बाद केले. एका वेढ्यात किती येत असेल? नगण्यच. पण आता वेखंड ‘मेंदूसाठी’ म्हणून चमचा-चमचा चूर्णाने घेणारे भेटतात. आजीने असा चमचा हातातून काढून घेतला असता.

*

वनस्पतीपासून औषध कसे करावे याचा धडा मुंबईतच आहे. सर्पगंधा वैद्यांच्या वापरात होतीच. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना ती देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे झाले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रेसरपीनने काहींना नैराश्य येते असेही नोंदले गेले, तेही प्रसिद्ध झाले. वनस्पतीची अब्रू यात कुठेच गेली नाही.

*

पुण्यात चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहरातल्या आणि खेड्यातल्या मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ चा निबंध : दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी. ब-१२ च्या कमतरतेने विसर पडतो, मन उदास होते, आणि वेळेत कळले तर इंजेक्शनांनी सुधारते. थायरॉइडचेही तसेच. कानाने कमी ऐकू येणे हेही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरले जाते. पण कानाचे यंत्र भेट म्हणून कुणी आणत नाही.

*

औषध नियमावलीत ‘अनुसूची जे’ नावाची एक यादी आहे. हे आजार बरे करतो असा दावा औषधाने करू नये, अशी. तिच्यात टक्कल आहे, उंची वाढवणे आहे, आणि मेंदूची क्षमता व स्मृती वाढवणेही आहे. परीक्षेच्या हंगामात टीव्ही लावून बसावे.

*

तेहरानमध्ये २०१० मध्ये केशरावर प्रयोग झाला : ५४ रुग्ण, २२ आठवडे, रोज ३० मिलिग्रॅम, समोर डोनेपेझिल हे अल्झायमरचे मान्यताप्राप्त औषध. दोन्ही सारखेच निघाले. ५४ माणसांत ‘सारखेच’ याला फार अर्थ नसतो. केशर आणि डोनेपेझिल दोन्ही निरुपयोगी असते तरी सारखेच निघाले असते.

*

मावसबहिणीने एका वैद्यांना घरी बोलावले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग म्हणाले, “डॉक्टरांच्या सगळ्या पट्ट्या आणा.” चष्मा लावून प्रत्येक पट्टी वाचली. कपाटावरच्या दोन बाटल्या बाजूला काढून म्हणाले, “या बंद. तेल डोक्याला चोळा, आईंना बरं वाटेल.” फी घेतली, स्वतःचे काही दिले नाही.

*

नीरब्राह्मीवर खरा प्रयोग करायचा तर काय लागेल, हे बसल्या बसल्या मांडून पाहिले. पन्नाशी-पंचावन्नची काही हजार माणसे. एकाच जागी, एकाच वाणाची लागवड, प्रत्येक हंगामात तोच अर्क. दहा-पंधरा वर्षांचा पैसा, आणि जुन्या झाडावर पेटंटची आशा नसल्याने तो सरकारनेच घालायचा. शिसे-पारा तपासणे सक्तीचे. बॉस्टनच्या दुकानांतली सत्तर आयुर्वेदिक औषधे २००४ मध्ये तपासली तर चौदांत शिसे, पारा नाहीतर आर्सेनिक निघाले होते, आणि शिसे स्मृतीच खाते. अर्क कॅप्सुलीत भरला तरी ढेकरेतून कडूपणा कळणार, म्हणून पोकळ गोळीही तितकीच कडू हवी. ती कडू कशाने करायची? कडुनिंब नको, किराईत नको, गुळवेल तर नकोच. आपल्याकडे कडू म्हणून जे जे आहे, ते सगळे कशाचे तरी औषधच आहे.